बिनखिळ्यांची पेटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले संचालक साहेब. व्यासपीठावर आवर्जून येऊन बसलेले, खाणविषयक समितीचे निवृत्त अभियंता साहेब. आस्थापना शाखेतल्या ताई. वर्कशॉप, प्रयोगशाळा, गाड्यांचा विभाग आणि स्वयंपाकघर या सगळ्यांतून हातातलं काम टाकून आलेले माझे सहकारी. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्यांनी सकाळपासून तीनदा मला विचारलंय की 'हे कितीला संपेल', ते आमचे मिस्त्री. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि त्यांची लेक, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पंधरा घेणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी चिठ्ठी पाठवायला नको.

मिस्त्रींविषयी आतापर्यंत चार जण बोलले. त्यांचा वक्तशीरपणा, त्यांचा हात, त्यांचं कमी बोलणं. सगळं खरं आहे. गाड्यांच्या विभागातल्या भाऊंनी सांगितलेला जीपच्या दाराचा किस्साही खरा आहे, मी त्या जीपमध्ये होते. पण एकतीस वर्षांच्या नोकरीतला जो भाग मला माहीत आहे, तो इथे फार थोड्यांना ठाऊक आहे. तो सांगू का, असं काल मी वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनाच विचारलं. ते कानस घासत होते. वर न बघता म्हणाले, "सांगा की. पण माझ्यापेक्षा अस्वलाचं जास्त सांगा."

तर अस्वलाचंच सांगते.

दहा वर्षांपूर्वी पलीकडच्या दरीत दगडाची खाण काढायचं ठरत होतं. आम्हा अभ्यासकांचं म्हणणं होतं की त्या दरीत अस्वलं राहतात, पिल्लं वाढवतात. समितीचं म्हणणं होतं, दाखवा. अगदी रास्त होतं ते. मग मी दरीतल्या पायवाटांवर चाळीस ट्रॅप कॅमेरे लावले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: डब्याएवढा कॅमेरा झाडाला बांधायचा, समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. माणूस तिथे लागत नाही. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

अस्वलांना तो कागद कोणी दाखवला नव्हता. पहिल्या हंगामात चाळीसपैकी सतरा कॅमेरे गेले. चावलेले, ओरबाडलेले, पट्ट्यासकट उपटून ओढ्यात फेकलेले. एकाच्या भिंगावर दाताचा असा नेमका खड्डा होता की दाताच्या डॉक्टरला दाखवावा. आणि फोटो? अस्वलाच्या नाकपुड्या, अस्वलाची जीभ, अस्वलाच्या घशाचा आतला भाग. असा संग्रह बहुधा कुठेच नसेल.

समितीसमोर मी ते फोटो ठेवले, तेव्हा याच अभियंता साहेबांनी चष्मा वर करून विचारलं होतं, "मॅडम, ही जीभ एकाच अस्वलाची आहे की दहा अस्वलांची?"

हसा, आता हसायला हरकत नाही. साहेब, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. प्रश्न बरोबर होता म्हणून जास्त आला होता. समितीने आम्हाला आणखी दोन हंगाम दिले. दरीत मादी पिल्लं वाढवते हे दोन्ही हंगामांत दिसलं, तर खाण दुसरीकडे. नाही दिसलं, तर सुरुंग.

मी परत आले ती ठरवूनच आले. कॅमेऱ्यांना लोखंडी पेट्या करायच्या आणि पेटीला बाहेरून, भिंगाच्या चारी बाजूंनी, अणकुचीदार खिळे बसवायचे. अस्वल एकदा हात लावील, दुसऱ्यांदा लावणार नाही. कागदावर आकृती काढून मी वर्कशॉपमध्ये गेले.

मिस्त्रींनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "पेटी करतो. खिळे नाही करणार."

"का?"

"त्याला आपल्यासारखे हात नाहीत ना मॅडम. नवीन काही दिसलं की ते तोंडानं बघतं. तुम्ही त्याच्या बघण्यावर खिळे लावताय."

मी म्हणाले, "मिस्त्री, दरीत सुरुंग लागले तर त्याला बघायला काही उरणार नाही."

"ते खरंय," ते म्हणाले, "पण खिळे मी नाही करणार." आणि कागद नीट घडी घालून मला परत दिला.

त्या घडीचाच मला जास्त राग आला, असं आज वाटतं. चुरगाळून टाकला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी बाहेरच्या एका कारखान्यातून बारा पेट्या करून घेतल्या. खिळे असलेल्या. जिथे कॅमेरे सर्वांत जास्त तुटले होते त्या बारा जागांवर मी स्वतः जाऊन त्या लावल्या. तीन आठवड्यांनी पहिलं कार्ड काढून आणलं. कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर आम्ही फोटो पाहत होतो. सकाळचं स्वच्छ ऊन, हिरवी वाट. एक मादी आली. मागे दोन पिल्लं. खोलीत टाळ्या पडल्या, कारण हेच तर हवं होतं आम्हाला! मिस्त्री दारात उभे होते, पंख्याचं बटण दुरुस्त करायला आले होते.

पुढचा फोटो: तिचं नाक. पुढचा: उघडलेलं तोंड. त्याच्या पुढचा नुसताच धूसर. मग मान मागे फेकलेली, आणि वरचा ओठ फाटलेला. रक्त गळ्यापर्यंत. पिल्लं झाडावर चढलेली. सगळे मिळून नऊ फोटो, दोन मिनिटांतले. त्यानंतर कार्डावर काही नव्हतं. नऊ दिवस ती वाट रिकामी होती.

दाराकडे पाहिलं तर मिस्त्री तिथे नव्हते. पंख्याचं बटण उघडंच लटकत होतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी वर्कशॉपसमोर पोत्यांत भरलेल्या बारा पेट्या आणि बारा कॅमेरे होते. हा माणूस पायी दरीत गेला होता, बाराही जागा हुडकल्या होत्या आणि सगळं सामान पाठीवर दोन खेपांत वर आणलं होतं. परवानगी नाही, रजेचा अर्ज नाही. हंगामाचे ऐन मोक्याचे दिवस होते, आणि माझ्या सर्वांत महत्त्वाच्या बारा जागा आंधळ्या झाल्या होत्या.

मी काय करायला हवं होतं? हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. मी काय केलं ते सांगते. मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. सरकारी मालमत्ता विनापरवाना हलवली, संशोधनाचं नुकसान केलं, वरिष्ठांचा आदेश मोडला. भाषा माझीच होती. चांगली होती भाषा.

त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. 'खिळे काढले. कॅमेरे सुखरूप आहेत. पेट्या भंगारात टाकलेल्या नाहीत, दुरुस्त करतो आहे.' खाली सही.

ते उत्तर हातात घेऊन मी तरातरा वर्कशॉपमध्ये गेले. भांडायलाच गेले होते. टेबलावर तुटलेले सतरा कॅमेरे ओळीने मांडले होते, आणि शेजारी एक वही. मिस्त्री म्हणाले, "बसा मॅडम. एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्ही हाताला काय लावता?"

मला कळेना. दरीतल्या थंडीने माझे हात फुटायचे, म्हणून मी एक क्रीम लावत असे. बदामाच्या वासाचं. तसं सांगितलं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. कोणता कॅमेरा कोणी बांधला आणि कोणता तुटला, एवढंच त्यात लिहिलं होतं. चाळीसपैकी चौदा मी बांधले होते. त्यातले अकरा तुटले. बाकीच्यांनी बांधले सव्वीस. त्यातले तुटले सहा. आणि त्या सहांपैकी चार आपल्या ड्रायव्हर भाऊंनी बांधलेले, जे एका हाताने पट्टा आवळतात आणि दुसऱ्या हाताने बिस्किट खातात. हे काय, मान डोलवतायत ते!

मंडळी, मी अकरा वर्षं अस्वलांचा अभ्यास करत होते. अस्वलाचं नाक किती तीक्ष्ण असतं यावर मी व्याख्यानं दिली होती. आणि प्रत्येक झाडाला मी स्वतःच्या हाताने बदाम चोपडून येत होते. वर त्या बदामाभोवती मी खिळे लावले.

मिस्त्री हे सगळं शांतपणे सांगत होते. त्यात टोमणा नव्हता. ते म्हणाले, "अस्वलाची चूक नाही, आणि तुमचीही तशी नाही. वास आपला आपल्याला येत नाही." मग एक पेटी उचलून दाखवली. "आता हे बघा. कोपरे सगळे गोल केले. नखाला धरायला काही नाही. दाताला पकडायला काही नाही. झाकण आतल्या अंगाला बसतं, त्याला फट नाही."

"पण तरी ते येईलच," मी म्हणाले.

"येऊ दे की! येईल, चाटेल, ढकलेल, कंटाळेल आणि जाईल. आपल्याला त्याचा फोटोच हवाय ना? मग त्याला हाकलायचं कशाला?"

पुढचं काम त्यांनी ज्या चिकाटीने केलं ते इथल्या अनेकांनी पाहिलं आहे. कॅमेऱ्यांच्या पेट्या बिनसाबणाच्या उकळत्या पाण्यात धुवायच्या. मग त्या आवारातल्या झाडांवर टांगून वाऱ्यापावसात राहू द्यायच्या. नंतर कोणीही उघड्या हाताने शिवायचं नाही. तेव्हा नवीन आलेले एक पाहुणे आवारातल्या झाडांना पेट्या लटकलेल्या पाहून मला म्हणाले होते, "पक्ष्यांची घरटी का?" मिस्त्रींनीच उत्तर दिलं, "नाही साहेब, वाळवण आहे." पेटी झाडाला डोक्यापेक्षा उंच बांधायची आणि भिंग खाली कललेलं ठेवायचं, म्हणजे अस्वल उभं राहिलं तरी त्याला नीट रेटा देता येत नाही. पट्ट्याखाली सुक्या लाकडाच्या पाचरी, म्हणजे झाडाच्या सालीला इजा नाही. आणि मला हातमोजे. माझ्या क्रीमची बाटली त्यांनी माझ्यादेखत वर्कशॉपच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. हंगाम संपल्यावर परत दिली.

कॅमेरे पुन्हा लागेपर्यंत आमचे दिवस गेले, हे खरं. पण त्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी एका वाटेवर ती दिसली. तीच मादी. वाळलेली होती, पण चालत होती, आणि दोन्ही पिल्लं मागे होती. वरच्या ओठाला डाव्या बाजूला खाच राहिली होती. ती पेटीपाशी आली नाही. लांबून वळसा घालून गेली. मी तो फोटो पाहत असताना मिस्त्री मागे उभे होते. फक्त एवढंच म्हणाले, "खाते वाटतं नीट. पिल्लं अंगानं भरलेली दिसतायत."

तिसऱ्या हंगामात चाळीसपैकी दोन कॅमेरे गेले, त्यातला एक ओढ्याच्या पुराने नेला. फोटोंत नऊ निरनिराळी अस्वलं दिसली, आणि त्यांत ती मादी, सोबत वाढलेली दोन पिल्लं. मागच्या हंगामातली मादी ती हीच, हे समितीला कशावरून दाखवलं? ओठावरच्या त्या खाचेवरून. अभियंता साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "या वेळी मला प्रश्न नाही." खाण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला गेली. त्या दिवशी सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या चुकीने तिला दिलेली जखम माझा सर्वांत मोठा पुरावा ठरली, याचं काय करायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. मी ते व्याख्यानात कधी सांगत नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

आता जे राहिलं आहे ते.

ती नोटीस. ती मिस्त्रींच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा म्हणून गेली. तेव्हाच्या संचालकांनी मला विचारलं होतं, "मॅडम, शेरा मागे घ्यायचा का?" मी म्हणाले, अहवाल पूर्ण होऊ दे, मग बघते. पुढच्या वर्षी वर्कशॉप प्रमुखाची जागा रिकामी झाली. मिस्त्रींइतका योग्य माणूस दुसरा नव्हता, हे ज्यांना ती जागा मिळाली तेही कबूल करतील. पण नियम असा की तीन वर्षांत प्रतिकूल शेरा असेल तर नाव पुढे जात नाही. नाव गेलं नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांदा मला विचारलं गेलं, तेव्हाही मी वेळ काढला. खरं कारण सांगू का? शेरा मागे घ्यायचा, तर कारण लिहावं लागलं असतं. खिळे माझ्या आदेशाने लागले होते, हे माझ्या सहीने लिहावं लागलं असतं. आणि तेव्हा माझ्या कामाचा सगळीकडे बोलबाला चालला होता.

ती पेटी आज चौदा जंगलांत वापरतात. ती कशी करायची, कशी बांधायची याच्या पुस्तिकेत तिची आकृती आहे, आणि आकृतीखाली रचनाकार म्हणून माझं नाव आहे. मी ते लिहायला सांगितलं नव्हतं. पण मी ते खोडलंही नाही.

वहिनी, तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही मला म्हणाला होतात, "यांना मोठेपणा नकोच असतो हो, प्रमुखाची जागा आली तेव्हासुद्धा नको म्हणाले." तुम्ही कौतुकाने सांगत होतात. हातात ताट घेऊन मी तिथे उभी होते आणि मला कळलं की या माणसाने घरीसुद्धा माझं नाव घेतलेलं नाही. आत्ता तुम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहताय, त्यावरून माझा अंदाज बरोबर होता असं दिसतं. त्यांना रागवू नका. रागवायचं असेल तर मी समोर आहे.

मिस्त्री, नाही, बसा. झालंच आहे माझं. 'जाऊ द्या मॅडम' असं म्हणायचं असेल तर तेही नंतर म्हणा. नऊ वर्षं मी जाऊच दिलं आहे.

गेल्या महिन्यात मी आस्थापना शाखेत गेले आणि ताईंना म्हणाले, हा कागद काढून टाकायचा आहे. ताई म्हणाल्या, "मॅडम, सेवापुस्तकातला कागद काढता येत नाही. जोडता येतो." म्हणून एक कागद जोडला आहे. संचालक साहेबांची त्यावर मान्यता आहे. अध्यक्षांच्या परवानगीने तो वाचते.

'नऊ वर्षांपूर्वी या कर्मचाऱ्यास मी दिलेली नोटीस चुकीची होती. कॅमेऱ्यांच्या पेट्यांवर खिळे माझ्या आदेशाने बसवले गेले. त्यामुळे एक पिल्लांवाली मादी जखमी झाली. या कर्मचाऱ्याने ते करण्यास आधीच नकार दिला होता, आणि इजा झाल्यावर स्वतः जाऊन बाराही पेट्या काढल्या. आज वापरात असलेली बिनखिळ्यांची पेटी ही संपूर्णपणे त्यांची रचना आहे. पुस्तिकेच्या पुढील छपाईत तसा बदल करण्यास कळवले आहे. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.'

खाली माझी सही आहे. या कागदाने गेलेली जागा परत मिळत नाही. उद्यापासून ते कामावरच येणार नाहीत, तर जागेचा प्रश्नच उरत नाही. हे मला समजतं.

अध्यक्ष महाशय, तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, त्याबद्दल तुमची आभारी आहे. अभियंता साहेब एवढ्या लांबून आले, त्यांची आभारी आहे. सभागृह सजवणाऱ्यांची, चहा ठेवणाऱ्यांची, आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांची आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द कोणाला लागला असेल, तर तो तुम्ही पदरात घ्याल अशी खात्री आहे.

मिस्त्री, तुमच्याकडे मात्र मी शब्दांची माफी मागत नाही. नऊ वर्षांची मागते आहे. द्यायची की नाही, आणि द्यायची तर केव्हा, हे तुम्ही तुमच्या सवडीने ठरवा. मला उत्तर लगेच नको.

नमस्कार.